आवाजाची जागा: हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांच्यावरच्या ऑडिओ कार्यक्रमाच्या नोंदी

2 जून

आजपासून सुरू. ठरलंय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कितीही फाटे फुटले तरी परत इथे येता येईल. हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांच्यावर 30 मिनिटांचा मराठी ऑडिओ कार्यक्रम करायचाय, तोही ज्यांनी असलं संगीत आयुष्यात कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी. रातकिडा, भोंगा, समुद्राचं पाणी, फेरीवाल्याची हाक, हे आवाज रेकॉर्ड करून त्यातूनच रचना करणाऱ्या बाई, आणि हे सगळं पन्नासेक वर्षं सातत्याने केलेल्या.

ढोबळ माहिती: जन्म 1946, जर्मनीतलं ओस्नाब्रुक. 1968 मधे कॅनडात. 1973 पासून व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीत संगीतकार मरे शेफर यांच्या वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्टमधे, म्हणजे जागोजागचे आवाज नोंदवून त्यांचा अभ्यास करणाऱ्या गटात. तिथून पुढे रेडिओ, रचना, शिकवणं, लेखन. पण जन्मसाल-गावं-पुरस्कार अशा क्रमाने कार्यक्रम करायचा नाहीये, ते कुणीही वाचून घेईल. मला ऐकवायचंय की त्यांचे कान कसे चालतात.

म्हणून एकच नियम घातलाय स्वतःला. त्यांची एखादी रचना कार्यक्रमात घ्यायची असेल तर त्यांनी जे केलं ते मी आधी एकदा स्वतःच्या हाताने करून बघायचं, मगच त्याबद्दल बोलायचं.

5 जून

पहिलीच अडचण, आणि ती ऑडिओतच येते, लेखात आली नसती. दोन शेफर आहेत! पिअर शेफर आणि मरे शेफर. स्पेलिंग वेगळं पण मराठीत बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात. स्क्रिप्टमधे 'फ्रेंच शेफर' आणि 'कॅनडाचे शेफर' असंच म्हणणार.

आणि हा गोंधळ उपयोगाचाच निघाला कारण त्या दोघांमधला फरक म्हणजेच या कार्यक्रमाचा पाया आहे. फ्रेंच शेफरनी 1948 मधे पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात आगगाड्यांचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यातून रेल्वेवरची ती छोटी रचना केली, त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला ती रेडिओवर वाजली. टेप तेव्हा त्यांच्या हातात आलीच नव्हती, सगळं तबकडीवर. तबकडीची एक खाच गोल बंद करून घ्यायची म्हणजे सुई तिथेच फिरत राहते आणि तोच तुकडा परत परत वाजतो, आज आपण सहज लूप लावतो त्याचं हे मूळ. पण त्यांचा पुढचा सगळा आग्रह असा होता की आवाज कशाचा आहे हे विसरा. इंजिन विसरा, स्टेशन विसरा, फक्त आवाजाचा पोत ऐका.

कॅनडाचे शेफर बरोबर उलट. त्यांना आवाज त्याच्या जागेसकट हवा. कुठे वाजला, कुणी ऐकला, त्या गावाला त्याचा काय अर्थ होता. आवाज मूळ जागेपासून तोडून दुसरीकडे वाजवणं याला त्यांनी स्किझोफोनिया असा शब्दच काढला, आणि तो कौतुकाचा शब्द नाहीये, त्यात धास्ती आहे.

वेस्टरकँप यांची गंमत अशी की हत्यारं सगळी पहिल्या शेफरची वापरतात (कापणं, हळू करणं, फिल्टर लावणं) आणि इमान दुसऱ्या शेफरशी राखतात. स्टुडिओत आवाज कितीही बदलला तरी तो कुठून आलाय हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. हे कसं जमवतात तेच शोधायचंय मला.

9 जून

साउंडवॉक. यावर त्यांचा लेख 1974 चा आहे, म्हणजे रचनाकार म्हणून नाव व्हायच्या आधीचा. कल्पना अगदी साधी, चालायचं आणि ऐकायचं, दुसरं काही करायचं नाही.

रेकॉर्डर न घेता गेले आज, एक तास, पहाटे साडेपाचला. पहिली दहा मिनिटं मी ऐकतच नव्हते, 'हा आवाज कार्यक्रमात चालेल का' याचाच हिशोब डोक्यात. मग स्वतःची पावलं ऐकू यायला लागली, चपलेची टाच रोज इतकी घासते हे मला माहीतच नव्हतं, आणि रस्ता डांबराचा होता तिथून मातीचा झाला ते खाली न बघता कळलं. भिंतीच्या जवळून जाताना पावलांचा आवाज एकदम अंगाशी येतो आणि भिंत संपली की सुटतो. तो सुटण्याचा क्षण इतका स्पष्ट होता की मी मागे जाऊन परत तिथून चालले, तीन वेळा.

दुसरं म्हणजे एक विजेचा डबा. सलग गुणगुणतोय. मी त्या डब्यावरून रोज जाते आणि मला तो कधीच ऐकू आला नव्हता, आणि एकदा ऐकू आल्यावर पुढची पाच मिनिटं दुसरं काही ऐकूच येईना. कॅनडाचे शेफर ज्याला कीनोट म्हणतात तो हाच, सगळ्याच्या तळाशी असलेला, कुणी मुद्दाम न ऐकणारा आवाज.

घरी आल्यावर त्यांच्या रेडिओ कार्यक्रमाबद्दलच्या नोंदी परत वाचल्या. 1978 आणि 79 मधे व्हँकूव्हर को-ऑप रेडिओवर 'साउंडवॉकिंग' नावाचा कार्यक्रम करायच्या त्या. एखाद्या ठिकाणी रेकॉर्डर घेऊन जायच्या आणि तिथलं ऐकू येणारं लोकांना ऐकवायचं, मधेच थोडंसं बोलायचं, आज हवा कशी आहे, मी कुठे उभी आहे, माइकला न दिसणारं काय काय आहे. रेडिओ म्हणजे सेकंदभर शांतता पडली तरी घाबरणारं माध्यम, त्यात हे! मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी इथे आहे. आवाजाबरोबर एक माणूस उभं आहे आणि ते तुम्हाला सांगतंय की मी इथे आहे.

10 जून

परत गेले, तोच रस्ता, यावेळी रेकॉर्डर घेऊन. वाऱ्याने सगळं खाल्लं. माइकवर केसाळ कव्हर लावलं होतं तरी खालून घुसला, सगळ्या फाइलभर धबधब. 40 मिनिटांतलं 2 मिनिटं वापरण्यासारखं. उद्या भिंतीच्या आडोशाने जाईन.

16 जून

रातकिडा.

'क्रिकेट व्हॉइस', 1987. मेक्सिकोच्या वाळवंटात एक भाग आहे, त्याला शांततेचा प्रदेश असंच नाव आहे, तिथल्या रात्रीच्या शांततेत एका रातकिड्याचं गाणं त्यांनी रेकॉर्ड केलं आणि अख्खी रचना त्याच्यावर उभी केली. बरोबरीला तिथल्याच निवडुंगाच्या काट्यांवर, वाळक्या मुळांवर, पाण्याच्या एका पडक्या टाकीत वाजवलेले आवाज आहेत. रातकिडा हळू करत करत इतका खाली नेलाय की तो किडा राहत नाही, काहीतरी मोठं, श्वास घेणारं होतं.

नियमाप्रमाणे मी पण केलं. रात्री एकला जिन्याखाली एक सापडला, माइक त्याच्यापासून वीतभर अंतरावर ठेवून मी श्वास रोखून बसले, जवळ गेलं की गप्प होतो, मग तीन-चार मिनिटं हलायचं नाही, मग परत सुरू. दहा मिनिटांचं चांगलं रेकॉर्डिंग मिळालं.

कॉम्प्युटरवर बघितलं तर मुख्य सूर साधारण 4800 हर्ट्झवर. वेग निम्मा केला की सूर एक सप्तक खाली येतो आणि लांबी दुप्पट होते, हे टेपच्या काळापासून तसंच आहे. मी तीन वेळा निम्मा केला, म्हणजे आठपट हळू. 4800 चे 600 झाले, 10 सेकंदांची 80 सेकंद झाली.

आणि मग जे ऐकलं ते इथे नीट लिहून ठेवते कारण स्क्रिप्टमधे हे असंच यायला हवं. आपल्याला जी एक 'क्रीक' ऐकू येते ती एक नसतेच. तिच्यात चार तुकडे होते, सुटे सुटे, मधे बारीकशी फट. नर रातकिडा पुढचे पंख एकमेकांवर घासतो, एका पंखावर कानशीसारखे दाते असतात आणि दुसऱ्याची कड त्यावरून ओढली जाते, पंख एकदा मिटला की एक तुकडा. म्हणजे मी त्याचे पंख मिटताना ऐकत होते, एक, दोन, तीन, चार, थांब. पहिला तुकडा बारीक, पुढचे मोठे होत जाणारे, जसं कुणी बोलायच्या आधी घसा साफ करतं. हे रोज रात्री खिडकीबाहेर चालू असतं आणि आपल्याला ती नुसती किरकिर वाटते.

(गारठ्यात हे संथ होतं आणि उकाड्यात भराभर, अमोस डॉल्बेअर यांनी 1897 मधेच किरकिर मोजून तापमान काढायचं सूत्र मांडलं होतं. कार्यक्रमात घ्यायचा मोह होतोय पण नको, रस्ता सुटेल.)

17 जून

कालच्या फाइलमधे एक दोष, रात्री आनंदात लक्षात आला नाही. हळू केलेला आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतोय. कारण शोधलं तर माझंच चुकलं, रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झवर होता, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने घेत होता, आणि टिपता येतं ते त्याच्या निम्म्यापर्यंतच. त्यात जास्तीत जास्त 24 हजार हर्ट्झपर्यंतचं टिपलं जातं, आठपट हळू केल्यावर त्या 24 चे होतात 3 हजार, आणि त्याच्या वर काहीच नाही, रिकामं. 96 वर ठेवून परत केलं तरी माझा माइक मुळात 20 हजारांच्या पुढे फारसं ऐकतच नाही आणि वरच्या बाजूला नुसती खरखर मिळाली. शेवटी आठऐवजी चारपट हळू ठेवलं, सूर 1200 वर. कमी खोल आहे पण जिवंत आहे. चार तुकडे यातही मोजता येतात.

यावरून एक कळलं ते म्हणजे 'किती हळू' हा ऐकण्याचा निर्णय आहे, बटणाचा नाही. त्यांच्या रचनेत हळू केलेल्या आवाजाबरोबर मूळ वेगाचा रातकिडाही परत परत येत राहतो, म्हणून आपण हरवत नाही.

24 जून

आजची नोंद मोठी होणार.

'किट्स बीच साउंडवॉक', 1989, सुमारे 10 मिनिटं. माझ्या मते कार्यक्रमाचं हृदय हेच. व्हँकूव्हरचा किनारा, जानेवारीतली शांत सकाळ, वारा नाही. खडकांना चिकटलेले बार्नकल नावाचे इवलेसे कवचवाले प्राणी आणि पाणी यांच्या भेटीतून येणारी बारीक टिकटिक आपण ऐकतो, आणि त्यांचा स्वतःचा आवाज आपल्याला सांगत असतो की मागे शहर गरजतंय. मग त्या शहराचा आवाज मोठा करून दाखवतात, परत कमी करतात, आणि सरळ सांगून टाकतात की स्टुडिओत फिल्टर आहेत, शहर काढून टाकता येतं, ते नाहीच असं दाखवता येतं. आणि काढतात. शहर जातं. उरते नुसती टिकटिक, आणि तिथून पुढे त्या आपल्याला स्वप्नांमधे नेतात, बारीक आवाजांच्या स्वप्नांमधे, वाटेत संगीतकार झेनाकिस यांच्या जळत्या कोळशाच्या कडकडीतून केलेल्या रचनेचीही आठवण येते. शेवटी शहर परत आणतात.

माझ्याकडे समुद्र नाही. दोन दिवस शोधत होते टिकटिक कुठे मिळेल. सापडली कुंडीत. एक कुंडी महिनाभर पाण्यावाचून राहिली होती, माती सुकून तडकलेली, कडेने भांड्यापासून सुटलेली. तिच्यात हळूहळू पाणी ओतलं आणि सहज कान खाली नेला तर आतून चुरचुर, टिक, टिकटिक, बुळुक. पाणी आत शिरतं तशी भेगांमधली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते त्याचा तो आवाज. एकेका टिकेला वेगळा सूर, मोठ्या भेगेतून येणारी खाली, केसाएवढ्या भेगेतून येणारी अगदी वर. दीड-दोन मिनिटांत दाटी वाढते आणि मग विरळ होत होत शेवटची एक टिक खूप उशिरा येते, आता संपलं असं वाटल्यावर.

माइक मातीपासून चार बोटांवर ठेवला तरी मागे रस्त्याची घरघर होतीच. मग केलं मी तेच. 2000 हर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टरने कापलं. रस्त्याचा आवाज बहुतेक सगळा खालच्या पट्टीत असतो, गेला. आणि बघता बघता ती कुंडी एवढी मोठी झाली की मी तिच्या आत उभी आहे असं वाटलं, भोवती रात्रीचं जंगल, पाऊस, काहीही म्हणा.

इतकं सुंदर होतं ते की मला अस्वस्थ व्हायला झालं. कारण हे खरं नाहीये. मी ज्या दुपारी तिथे बसले होते तिथे रस्ता होता, कुणीतरी सारखा हॉर्न देत होतं, वरून कुणीतरी हाक मारत होतं. हे न सांगता नुसती कुंडी ऐकवली तर ऐकणाऱ्याला वाटेल अशी शांत जागा आहे कुठेतरी आणि आपल्यालाच ती मिळत नाही.

आता कळलं की वेस्टरकँप त्या रचनेत का बोलतात. हातचलाखी करायच्या आधी हात उघडून दाखवतात. इथे मी फिल्टर लावतेय, का लावतेय ते ऐका, आणि हे बघा शहर परत. ऐकणाऱ्याला फसवल्याशिवायही त्याला त्या स्वप्नात नेता येतं, उलट जास्त आत नेता येतं, कारण तो विश्वासाने येतो. दोन्ही शेफरना एकत्र कसं आणलं हे 5 तारखेला विचारलं होतं ना, त्याचं उत्तर मला हे वाटतं.

25 जून

मिक्सिंग करणाऱ्या मित्राला कुंडी ऐकवली. फिल्टर लावलेलीच ऐकवली आधी, डोळे मिटून ऐकत बसला.

"अगं हे असंच ठेव, कुठे काय बोलू नकोस मधे, वाट लागेल."

मग मी रस्ता परत आणला, हळूहळू, आठ सेकंदात. तो गप्प झाला आणि म्हणाला "परत कर." चार वेळा करायला लावलं. शेवटी म्हणाला, "रस्ता आल्यावर पण टिकटिक ऐकू येतेच की, आधी का नव्हती येत?"

हेच वाक्य स्क्रिप्टमधे जाणार. त्याची परवानगी घेतली.

1 जुलै

दिल्लीची रचना. नाव लांबलचक आहे, 'जेंटली पेनिट्रेटिंग बिनीथ द साउंडिंग सरफेसेस ऑफ अनदर प्लेस', 1997. फेरीवाल्यांच्या हाका हा तिचा कणा, आणि धातूचे खणखणाट ताणून ताणून त्यांची एक चमकती भिंत केलीये मागे.

इथे मी सगळ्यात जास्त अडखळले. आपल्याकडची माणसं ती ऐकतील तेव्हा त्यांना हाकांमधले शब्द कळणार, काय विकतोय ते कळणार, आणि शब्द कळले की सूर ऐकू येणं बंद होतं. परक्या कानाला उलट आधी सूर येतो, हाक कुठे चढते, शेवटचं अक्षर किती लांबवलंय. बाहेरून येऊन आपल्या गल्लीचं संगीत करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जरा राग असतो, खरं सांगते. पण त्यांनी नावातच 'दुसरी जागा' म्हटलंय, मी इथली आहे असा आव कुठेच नाही. आणि ऐकताना हाका चिरडलेल्या वाटत नाहीत, जवळ बोलावलेल्या वाटतात. सहा वेळा ऐकल्यावर माझा राग गेला. स्क्रिप्टमधे राग पण लिहिला आणि तो कसा गेला ते पण.

6 जुलै

'बिनीथ द फॉरेस्ट फ्लोअर', 1992. व्हँकूव्हर बेटावरच्या कारमाना खोऱ्यातलं जुनं अरण्य. सुरुवातीपासून एक खोल ठोका येत राहतो, ढोल असावा असं वाटतं, तर तो रेवनचा, म्हणजे आपल्या डोमकावळ्याच्या थोरल्या भावाचा, हळू केलेला आवाज आहे. कार्यक्रमात हे आधी सांगायचं नाही, ऐकवायचं, आणि मग सांगायचं.

सिनेदिग्दर्शक गस व्हॅन सँट यांनी वेस्टरकँप यांच्या रचना सिनेमात वापरल्यात, 2003 च्या 'एलिफंट'मधेही. एक वाक्य पुरे.

12 जुलै

कच्चा जोड 47 मिनिटं झाला. कात्री.

'फँटसी फॉर हॉर्न्स' काढली, मन घट्ट करून. धुक्यातले भोंगे, आगगाडीचे, बोटींचे, 1978 ची रचना, त्यांच्या अगदी सुरुवातीच्यातली, आणि भोंगा दऱ्याखोऱ्यांवर आदळून परत येतो तेव्हा तो त्या जागेचा आकार सांगतो ही त्यातली गोष्ट मला फार आवडते. पण ती गोष्ट मी भिंतीजवळच्या पावलांनी आधीच सांगून झालीये. दोनदा नको.

दिल्लीचा भाग 6 मिनिटांवरून 4 वर. रातकिडा तसाच, त्याला हात लावणार नाही.

रचनांचे तुकडे वापरायला रीतसर परवानगी मागणारी पत्रं गेल्या महिन्यात पाठवली होती, एकाचं उत्तर आलंय, एकाचं यायचंय. जे येणार नाही तिथे माझंच रेकॉर्डिंग वाजेल आणि मूळ रचना कुठे शोधायची ते सांगेन. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं, पुढच्या वेळी पहिल्या आठवड्यात पत्र आणि मग स्क्रिप्ट.

15 जुलै

माझा आवाज रेकॉर्ड केला. स्टुडिओसारख्या बंद खोलीत केला तर तो कार्यक्रमातल्या सगळ्या आवाजांपासून तुटलेला वाटत होता, कुठेच नसलेली बाई बोलतेय असा. सगळा टाकून दिला. कुंडीचा भाग कुंडीजवळ बसून बोलले, रातकिड्याचा जिन्याखाली, रात्रीच, कुजबुजत. दोन ठिकाणी मागे दार वाजतं. राहू दे.

19 जुलै

31 मिनिटं 20 सेकंद. एक मिनिट जास्त आहे, ते तसंच ठेवतेय.

शेवटचा बदल आज दुपारी केला. आधी शेवट माझ्या बोलण्याने होत होता, आभार वगैरे. ते सगळं अलीकडे आणलं. आता शेवटी फक्त कुंडी आहे. मी सांगते, आता फिल्टर काढते, आणि रस्ता परत येतो, आठ सेकंदात, मग सव्वा मिनिट कुणी बोलत नाही, हॉर्न, ती वरून आलेली हाक, गाड्या, आणि त्यांच्या मधून मातीची टिकटिक विरळ होत जाते. शेवटची टिक उशिरा येते. मित्र म्हणाला तिच्यानंतर लगेच फाइल संपव. मी रस्ता अजून 5 सेकंद चालू ठेवलाय.